पहिली फ्लॉपी खराब

शुक्रवार, ५ जुलै १९९६

आनेकलच्या कारखान्यातला नागनाथ आज सव्वाअकराला उगवला. चार फ्लॉप्या प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी रुमालात, रुमाल जेवणाच्या पिशवीत. एवढं जपून लोक दागिने नेत नाहीत.

आमच्या कंपनीचा थाट असा — पंपांचा कारखाना आनेकलला, साहेबलोक इकडे बंगलोरात, बसवनगुडीत, आणि मध्ये टेलिफोनची तार. तिच्यावरून 'हॅलो' पोचलं तरी पेढे वाटावेत. तारेवरून फाईल पाठवायला मोडेम घेतलाय. त्याच्यावर सध्या टेबल कॅलेंडर ठेवतात, उंची बरोबर होते. तेव्हा तेराशे कामगारांची नोंद — कोण कधी लागला, कुठल्या खात्यात, किती रजा, आज हजर की नाही — ही सगळी फाईल आठवड्यातून एकदा बसने येते. पाच मेगाबाइट एका फ्लॉपीत मावत नाहीत, म्हणून नागनाथ तिकडे तिचे चार तुकडे करतो आणि मी इकडे ते जोडते. बाहेर वर्तमानपत्रात आम्ही सिलिकन व्हॅली आहोत.

जोडायला वेगळं काही विकत आणावं लागत नाही हे आमच्या मॅनेजरांना, प्रतापरावांना, अजून खरं वाटत नाही. संगणकाबरोबर येणाऱ्या डॉसमध्येच आहे सगळं. कॉपी लिहायचं, पहिल्या तुकड्याचं नाव, अधिकचं चिन्ह, दुसऱ्याचं, परत अधिक, असं चौथ्यापर्यंत, आणि शेवटी अख्ख्या फाईलचं नाव. एक ओळ! मी ती एकदाच लिहून 'जोडा' नावाने ठेवून दिलीये. जोडा म्हटलं की जोडतं. मे महिन्यापासून एकदाही चुकलेलं नाही. पुण्यात दहा वर्षं हेच केलं, इथे दोन. शाबासकी कुणी देत नाही, ते सोडा.

शुक्रवार, १२ जुलै

फाईल जोडली, उघडली, तेराशे नऊ माणसं जागच्या जागी.

नागनाथ भालकीचा, बिदर जिल्ह्यातला. घरी मराठी, शाळेत कानडी, आणि दोन्हींनी एकमेकींवर भरपूर उपकार केलेले. "मी फाईल केलो मॅडम. मी तपासलो. बसमध्ये झोपलो नाही, फ्लॉप्या होत्या ना." सुरुवातीला मी सुधारायचे — केलो नाही रे, केली. तो "होय मॅडम" म्हणायचा आणि पुढचं वाक्य पुन्हा तसंच. आता नुसतं ऐकून घेते आणि घरी येऊन इथे लिहिते. माणसाला काहीतरी विरंगुळा हवा.

आजची त्याची बातमी — एक ऑगस्टला तो कन्फर्म होतो. वर्षाची उमेदवारी संपली. कन्फर्म झालं की कारखान्यामागे क्वार्टर मिळतं, एक खोली आणि मोरी. मग आईला आणणार. आई ठकुबाई भालकीत एकटी असते, गुडघे गेलेत, पाणी लांबून आणावं लागतं. क्वार्टरमध्ये नळ आत आहे. हा आतला नळ त्याने मला सांगितला, वॉचमनला सांगितला, टपाल द्यायला आलेल्या माणसालाही सांगितला. ऑफिसात कॉफी करणाऱ्या सोयराबाईंनी तर तो बसून ऐकला. चार पिढ्या बंगलोरात काढलेलं मराठी कुटुंब त्यांचं. त्याला दुसऱ्यांदा कॉफी दिली आणि मला म्हणाल्या, "पाप, लई साधा पोरगा आहे गं अक्का." इथे पाप म्हणजे बिचारा. पुण्याच्या कानाला ते अजून दचकवतं.

शुक्रवार, १९ जुलै

प्रतापरावांनी सगळ्यांना आत बोलावलं. पुढच्या शनिवारी जपानी येणार. तिघं. पंपांचा मोठा करार आहे म्हणे, आणि त्यांना आमचं 'संपूर्ण संगणकीकरण' दाखवायचं आहे.

बेत असा की पाहुण्याने मनातला कुठलाही एक नंबर सांगायचा, मी बटण दाबायचं, की पडद्यावर त्या नंबराच्या कामगाराची कुंडली. "आदल्या दिवशीची हजेरीसुद्धा, श्यामला मॅडम. फ्रेश." संगणक म्हणजे यांच्या लेखी गांधी बाजारातली भाजी. मी म्हटलं, जरूर. संपूर्ण संगणकीकरण जेवणाच्या पिशवीतून बसने येतं, हे पाहुण्यांना सांगू की नको? प्रतापराव हसले नाहीत.

गुरुवार, २५ जुलै

ऑफिसला झाडून-पुसून लख्ख केलंय. मोडेमवरचं कॅलेंडर काढून मोडेम दर्शनी ठेवला. वायर कशालाच लावलेली नाही, पण दिवा लागतो.

शुक्रवार, २६ जुलै

झाली शोभा.

नागनाथ आज चारला आला, कारण हजेरी फ्रेश हवी. जोडा म्हटलं. जोडलं. उघडायला गेले तर डीबेस, म्हणजे या नोंदी उघडून दाखवणारा प्रोग्रॅम, सांगतो की ही डीबेसची फाईलच नव्हे. पाचाच्या जागी साडेतीन मेगाबाइट. म्हणजे जवळजवळ एक अख्खी फ्लॉपी गायब. तुकडे एकेक करून पाहिले — दुसरा, तिसरा, चौथा येतात, पहिला येत नाही. यादीत भरलेला दिसतो, जोडताना हात वर करतो.

निदान सोपं आहे. पहिली फ्लॉपी खराब.

नागनाथचं एकच पालुपद. "तिथं जोडून बघितलो मॅडम, चालते." मी म्हटलं, तिथं चालते, इथं चालत नाही, मध्ये काय आहे? बस आहे आणि तू आहेस. तो हळूच म्हणाला, "तुम्ही कशी जोडता, जरा बघू का?"

हे ऐकायचं राहिलं होतं! मी पहिल्यांदा फाईल जोडली तेव्हा हा मुलगा दहावीला बसला असेल. मी म्हटलं, बघण्यासारखं काही नाही, माझी ओळ तीन महिने चालतेय. तू तुझ्या फ्लॉप्या बघ.

माझ्या कपाटातल्या कोऱ्या चार दिल्या. रात्रीची शेवटची बस धरून जा, उद्या सकाळी साडेनवाला पुन्हा घेऊन ये. फाईलला हात लावू नकोस, आहे तीच उतरव. 

मागच्या आठवड्याची चांगली फाईल दाखवायला वापरता आली असती. पण नाव एकच असल्यामुळे नवी तिच्यावरच जोडली गेली, आणि मागच्या फ्लॉप्या पुसून पुन्हा वापरायची कंपनीची पद्धत आहे. मी काय करणार?

शनिवार, २७ जुलै

जपानी साडेदहाला म्हणाले होते, साडेदहाला आले. आमच्याकडे ही पद्धत नसल्यामुळे निम्मं ऑफिस जिन्यात होतं.

नागनाथ सव्वानऊलाच आलेला. डोळे लाल, शर्ट कालचाच. कोऱ्या फ्लॉप्या, कालचीच फाईल. जोडा म्हटलं. साडेतीन मेगाबाइट. पुन्हा पहिलीच! नवी, सीलबंद, माझ्या कपाटातली फ्लॉपी या गृहस्थाने एका रात्रीत घालवून आणली. एखाद्याच्या हाताला गुण असतो, तसा याच्या हाताला असावा.

मग पाहुण्यांना कॉफी. मग मोडेमचा दिवा. मग परत कॉफी. प्रतापराव दर पाच मिनिटांनी काचेआडून माझ्याकडे बघत होते आणि मी पडद्याकडे, कारण दुसरीकडे बघायला सोय नव्हती. शेवटी बाहेर आले. "असं कसं हो होतंय मॅडम? पाहुणे बसलेत." मी म्हटलं, फ्लॉपी खराब आलीये. त्यांनी विचारलं, कुणी आणली? मी नागनाथकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

पाहुण्यांतल्या सगळ्यात वयस्कराने फार नम्रपणे विचारलं की कामगारांची छापील वही असेल तर तीही चालेल. आमच्याकडे छापील वही नाही, आम्ही संपूर्ण संगणकीकृत आहोत. पावणेबाराला ते कमरेत वाकून गेले. करार आता बघू म्हणे.

नागनाथ दारात उभा होता. सोयराबाईंनी त्याला कॉफी दिली ती त्याने घेतली नाही.

सोमवार, २९ जुलै

आणि आज बघा! नागनाथने शनिवारची हजेरी भरली, नवे तुकडे केले, नऊला हजर. जोडा. पाच मेगाबाइट. तेराशे बारा माणसं, एकही इकडची तिकडे नाही.

म्हणजे दम दिला की फ्लॉप्या सुधारतात. तीच बस, तोच माणूस, तीच माझी ओळ. बदललं काय? तर याने या वेळी लक्ष दिलं. शुक्रवारी आणि शनिवारी दिलं नव्हतं. याहून सरळ गणित कुठलं?

मंगळवार, ३० जुलै

प्रतापरावांना वरून फोन आलेला दिसतो. कुणाच्या तरी नावावर हे लागायला हवं. मला म्हणाले, "एका ओळीत लेखी द्या, कुणाची चूक."

मला एका ओळीत लिहिता येत असतं तर ही वही कशाला ठेवली असती? पाच ओळी दिल्या. फ्लॉप्यांची हाताळणी बेफिकीर, सूचना देऊनही तोच दोष पुन्हा, समज दिल्यावर तिसऱ्या वेळी काम अचूक, यावरून दोष यंत्राचा नसून माणसाचा असल्याचे स्पष्ट होते. शेवटची ओळ मला स्वतःलाच आवडली. खराब पहिल्या फ्लॉपीसकट शनिवारच्या चारही फ्लॉप्या पाकिटात घालून पुरावा म्हणून जोडल्या.

बुधवार, ३१ जुलै

नागनाथला काढलं. कन्फर्म करत नाही एवढंच लिहिलंय पत्रात, पण अर्थ तोच.

मला वाटलं होतं, समज देतील. फार तर उमेदवारी सहा महिने वाढवतील. काढा असं मी कुठे लिहिलं होतं? पाचही ओळी पुन्हा आठवून पाहिल्या. कुठेच नाही.

तो जाताना माझ्या टेबलापाशी आला. म्हणाला, "मॅडम, तुम्हाला पाहुण्यांसमोर त्रास झाला माझ्यामुळं. चुकलो." आज त्याचं व्याकरण बिनचूक होतं.

गुरुवार, १ ऑगस्ट

सोयराबाईंनी कॉफी आणली, टेबलावर ठेवली, गेल्या. रोज दहा मिनिटं बोलतात.

शुक्रवार, ९ ऑगस्ट

नवीन माणूस. मंजुनाथ. प्रतापरावांच्या मेहुण्याचा मुलगा, पण निवड गुणांवर झाली असं प्रतापरावांनी न विचारता सांगितलं. सुगंधी आहे. फ्लॉप्या शर्टाच्या खिशात घालून आला, कंगव्यासोबत. जोडा म्हटलं — जोडल्या. काहीच बिघडलेलं नाही. रुमालात गुंडाळून आणणाऱ्याच्या बिघडतात आणि कंगव्याबरोबर आणणाऱ्याच्या टिकतात, असं आहे तर.

क्वार्टर मंजुनाथला मिळालंय. तो तिथे राहणार नाही, त्याचं जयनगरला घर आहे. कुलूप लावून ठेवलंय.

शुक्रवार, १६ ऑगस्ट

जोडलं. उघडलं. कंटाळा.

शुक्रवार, २३ ऑगस्ट

मंजुनाथला ताप. फाईल सोमवारी. ताप शुक्रवारीच का येतो, हे विचारायला नागनाथ नाही. त्याला वर्षभरात कधी आलाच नव्हता.

सोमवार, २६ ऑगस्ट

हे सगळं नीट लिहायला हवं.

मंजुनाथ दुपारी आला. सकाळची हजेरी भरून, तुकडे करून. जोडा म्हटलं. साडेतीन मेगाबाइट! ही डीबेसची फाईल नव्हे. पहिली फ्लॉपी.

मी तोंड उघडलं होतं. 'फ्लॉपी खराब' हे शब्द ओठावर होते. मग समोर बघितलं — मंजुनाथ, त्याच्यामागे काचेआड त्याचे काका. मेहुण्याच्या मुलाची फ्लॉपी खराब असू शकत नाही. म्हणून मी म्हणाले, थांबा, कारण शोधते.

हे वाक्य नागनाथच्या वेळी मला सुचलं नव्हतं. लिहून ठेवते, नाहीतर उद्या मीच म्हणेन की सुचलं होतं.

कारण सापडायला वीस मिनिटं लागली. फक्त वीस. डॉसमध्ये डीबग म्हणून एक हत्यार असतं, तेही फुकटच. ते फाईलच्या पोटातला एकेक आकडा दाखवतं. पहिल्या फ्लॉपीवरचा तुकडा त्यात घातला. पहिल्या चार घरांत चार आकडे होते — तीन, शहाण्णव, आठ, सव्वीस. तीन ही डीबेसची खूण. पुढचे तीन म्हणजे फाईल शेवटची कधी बदलली ती तारीख, वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. सव्वीस ऑगस्ट शहाण्णव. आजची.

आता, सव्वीस हा आकडा डॉसच्या जुन्या रीतीत 'मजकूर संपला' अशी खूण आहे. आणि कॉपीने तुकडे जोडताना आपण काही सांगितलं नाही, तर ती फाईलला साधा मजकूर समजून वाचते, आणि ही खूण दिसली की तो तुकडा तिथेच सोडून पुढच्या तुकड्याकडे जाते. खूण मानू नकोस, आहे तसं सगळं घे, हे सांगायला ओळीत एक स्लॅश आणि बी लिहायचं असतं. दोन अक्षरं. बारा वर्षांच्या अनुभवाने माझ्या 'जोडा'मध्ये ती नव्हती. नागनाथच्या ओळीत असणार, म्हणून तिथं चालायची.

इतर दिवशी चौथ्या घरात पाच असतो, बारा असतो, एकोणीस असतो. म्हणून चालायचं. माझी ओळ चूकच होती, पण फक्त सव्वीस तारखेला सापडणारी.

जुलैचं कॅलेंडर बघायची गरज नव्हती. तरी पाहिलं. शुक्रवार, सव्वीस. शनिवारी त्याने आणली तीही शुक्रवारचीच फाईल, कारण हात लावू नकोस असं मीच बजावलं होतं. सोमवारची सुधारली कारण तिच्यात शनिवारची हजेरी भरली, तारीख पालटली. दम माझ्या डोळ्यांत नव्हता, कॅलेंडरात होता.

प्रतापरावांच्या फायलीतून ते पुराव्याचं पाकीट मागून आणलं. स्लॅश बी घालून त्या चार फ्लॉप्या जोडल्या. पाच मेगाबाइट. तेराशे बारा माणसं. पहिली फ्लॉपी ठणठणीत. सगळ्यात शेवटच्या ओळीत नागनाथ स्वतः होता, उमेदवार, कन्फर्म होण्याची तारीख एक ऑगस्ट. त्यानेच भरलेली.

मला लाज वाटतेय. दुसरा शब्द शोधत बसले होते, नाही सापडला.

मंगळवार, २७ ऑगस्ट

'जोडा'मध्ये दोन अक्षरं घातली. कुणाला कळलं नाही, कळणारही नाही. मंजुनाथने विचारलं, काय झालं होतं? म्हटलं, मशीनचं काहीतरी होतं. चूक माझी असली की ती मशीनची होते, दुसऱ्याची असली की माणसाची. माझ्या पाच ओळींत शेवटची हीच होती ना — दोष यंत्राचा नसून.

उद्या प्रतापरावांना सांगते.

बुधवार, २८ ऑगस्ट

सांगायला गेले. "सर, नागनाथच्या त्या फ्लॉप्यांबद्दल —" एवढं झालं. प्रतापराव म्हणाले, "ते आता संपलं मॅडम. बसा. तुमच्याशीच बोलायचं होतं." मंजुनाथची अडचण मी तासाभरात सोडवली, त्याला शब्दाने दुखावलं नाही, हे त्यांनी पाहिलं. एक तारखेपासून मी सिस्टम मॅनेजर. वेगळी केबिन, दारावर पाटी, कागदांवर सहीचा अधिकार.

पुढचं वाक्य तोंडात होतं, तयार होतं, घरून पाठ करून नेलं होतं. आणि मी "थँक यू सर" म्हणाले.

शुक्रवार, ३० ऑगस्ट

सोमवारी नक्की.

सोमवार, २ सप्टेंबर

पाटीवर माझं आडनाव चुकलंय. परत करायला पाठवली. चूक कुणाची, हे पेंटरला मी लगेच दाखवून दिलं.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

कॉफी घेऊन सोयराबाई केबिनमध्ये आल्या. नवीन खुर्ची बघितली, खिडकीचा पडदा बघितला. मग म्हणाल्या, "त्या नागनाथचं काय झालं गं अक्का? भालकीला गेला की हितंच हाय?"

मी म्हटलं, माहीत नाही.

"आईला काय सांगितलं असेल त्यानं? ती वाट बघत बसली असणार की."

मी म्हटलं, सोयराबाई, मला काम आहे. "सरी, सरी," म्हणजे बरं बरं, म्हणून गेल्या. काम नव्हतं. अर्धा तास पडद्याकडे बघत बसले. मला या बाईचा राग येतो. तिला काहीच माहीत नाही आणि ती बरोबर तिथेच बोट ठेवते.

रविवार, ८ सप्टेंबर

स्वतःशीच वाद घालून झाला. माझी बाजू मी चांगली मांडली. एक — जाणूनबुजून काही केलं नाही. दोन — काढा असं लिहिलं नव्हतं. तीन — त्याने कुठे हट्ट धरला? कशी जोडता ते बघू का, असं एकदाच विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर कदाचित...

दुसऱ्यांदा विचारलं असतं तर मी दुसऱ्यांदा हाकललं असतं. वाद हरले. समोर कोणी नसताना हरणं जरा अवघडच असतं, पण जमलं.

बुधवार, ११ सप्टेंबर

रिपोर्ट नव्याने टाइप केला. या वेळी खरंच कमी ओळी. दिनांक २६ व २७ जुलै रोजी फाईल न जुळण्याचे कारण माझ्या आज्ञेतील त्रुटी हे होते. फ्लॉप्या निर्दोष होत्या. श्री. नागनाथ यांचा कोणताही दोष नव्हता. त्यांना परत घ्यावे अशी शिफारस करते. खाली माझी सही.

छापून काढला. प्रिंटरने एवढा आवाज केला की वाटलं, सगळ्यांना वाचून दाखवतोय. ड्रॉवरमध्ये ठेवला. उद्या सकाळी, कॉफीच्या आधी, प्रतापरावांच्या टेबलावर. पाटी जाईल, केबिन जाईल, कदाचित नोकरीही जाईल. जाऊ दे. पुण्यात आई म्हणतेच आहे परत ये. किती दिवसांनी हलकं वाटलं. मंदिराच्या रस्त्याने चालत घरी आले, भाजलेल्या शेंगा घेतल्या, सगळ्या संपवल्या.

गुरुवार, १२ सप्टेंबर

मी पोचले तर नागनाथ आधीच येऊन उभा. अनुभवाचा दाखला हवा होता. सही आता माझी चालते, म्हणून माझ्याच केबिनमध्ये पाठवलेला. रिपोर्ट ड्रॉवरमध्ये होता. मी दाखल्यावर सही केली.

त्याने खिशातून छोटी वही काढली. "मॅडम, एक विचारू? माझी चूक नेमकी कुठं होत होती? मी लई विचार केलो, कळलं नाही. पुढच्या ठिकाणी होऊ नये म्हणून विचारतो." पेन उघडून थांबला.

मी म्हणाले, "बसमध्ये पिशवी कुठे ठेवायचास?"

"मांडीवर. गर्दी असली तर पुढं, ड्रायव्हरजवळ. बॉनेटवर."

"ते तापतं. त्याने फ्लॉपी जाते."

त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. "तेच असणार मॅडम," म्हणाला. वहीत लिहून घेतलं, खाली रेघ मारली, माझे आभार मानले आणि गेला.